सासूबाईंचा पहिला दात

दात होता हो, दात! एवढासा, ज्वारीच्या कणीएवढा, खालच्या हिरडीतून वर यायला धडपडणारा दात! मी जीवशास्त्र शिकवते, तुम्हाला सांगते, किसुमू शहरातल्या शाळेत वर्गभर पोरांना फळ्यावर जबडा काढून दाखवते, हे दुधाचे, हे कायमचे, हा सुळा, ही दाढ... आणि माझ्या स्वतःच्या पोरीच्या तोंडात काय चाललंय ते मला कळणार नाही? पण छे! सासरच्या ओर्वाकाकांनी काठी आपटली आणि भरल्या अंगणात जाहीर केलं, “हिला दाताबिताचं काही नाही. हिच्या मागे कुणीतरी उभं आहे. नाव मागतंय.”

नाव मागतंय! कोण? तर मेलेलं माणूस!

म्हणजे आमच्याकडे असं आहे, की बाळ रडायचं थांबत नसेल तर त्याला भूक नसते, गॅस नसतो, कानात दुखत नसतं. घराण्यातलं कुणीतरी गेलेलं माणूस परत यायला बघत असतं, आणि बाळाला माझंच नाव द्या म्हणून त्याला चिमटे काढत असतं. मग मोठी माणसं बसतात आणि मेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. ज्या नावाला बाळ गप्प, ते नाव बाळाचं. शाळेत आम्ही ह्याला योगायोग म्हणतो. घरी ह्याला आजी म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, तुला हे आधी माहीत नव्हतं का? होतं ना! म्हणून तर अख्खे सात महिने मी पोरीला गावी नेलं नाही! सासूबाईंचा दर रविवारी फोन. “न्यार उयोमा, नातीला कधी आणतेस?” न्यार उयोमा म्हणजे उयोमाची लेक. म्हणजे मी. पदवी घेतली, पहिल्या वर्गात आले, शाळेच्या पाटीवर माझं नाव आहे, पण सासरी मला नाव नाही, मी आपली उयोमाची लेक. सासूबाईंनाही नाही, त्या न्यार असेंबो. आमच्या अंगणात सगळी गावंच्या गावं स्वयंपाक करत असतात! तर फोन आला की मी म्हणायची, “आई, आत्ता तिला लस टोचलीय, ताप आहे.” पुढच्या खेपेला, “आई, परीक्षा आहेत.” त्याच्या पुढच्या खेपेला, “आई, पाऊस फार आहे.” त्या म्हणायच्या, “इथे तर ऊन आहे.” मी म्हणायची, “इथे आहे ना पाऊस!” किसुमूपासून गाव मताटूने, म्हणजे आमच्या खच्चून भरलेल्या वडाप गाडीने, दीड तासावर. एवढ्यात कुठला पाऊस बदलतोय! पण खोटं बोलताना माणूस भूगोल कशाला बघतो?

आणि का बोलायची मी खोटं? कारण नाव माझ्याकडे तयार होतं. अविनो. माझ्या आईचं. उयोमाच्या किनाऱ्यावर मासे भाजून विकायची ती. केसांना, कपड्यांना, उशीला, सगळ्याला धुराचा वास. त्या धुरावर मला शिकवलं तिने, आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. माझा पदवीचा झगा तिने बघितला नाही, नवरा बघितला नाही, नात बघितली नाही. मग निदान नाव तरी? मी ओकेयोला, म्हणजे नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं होतं, पोरीचं नाव अविनो. तो म्हणाला, “हो ना, छानच आहे. तसंच करू.” छाती काढून म्हणाला! आता ओकेयोचं कसं आहे, तुम्हाला सांगते, किसुमूत तो सिंह असतो. पण गावाचं निवडुंगाचं कुंपण लांबून दिसायला लागलं की त्याचा बोकड होतो, आणि फाटकातून आत शिरेपर्यंत करडू.

शेवटी डिसेंबर आला. डिसेंबरात आमच्याकडे जो गावी जात नाही तो एकतर तुरुंगात असतो नाहीतर मेलेला. निघालो. आणि मताटूत बसल्या बसल्या पोरीने सूर लावला. अगदी भोंगा! लाळ गळतेय, गाल लाल, मूठ तोंडात, माझं बोट दिसलं की बोट तोंडात, शेजारच्या बाईच्या कोंबडीची शेपटी दिसली, तीही तोंडात! मी ओकेयोला म्हटलं, “दात येतोय.” तो म्हणाला, “हो ना.” लक्षात ठेवा, हो ना म्हणाला होता!

फाटकात उतरलो तर हा जमाव! लेकरू माझ्या हातातून कधी गेलं ते मला कळलंच नाही. ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून पलीकडच्या खांद्यावर... “नाक बघा, नाक आमचं!” “कपाळ तर सरळ सरळ आमच्या थोरल्याचं!” “कान कुणाचे? कान आमच्याकडचे!” मी लांब उभी, पिशव्या घेऊन. मग माझं काय? म्हटलं, नऊ महिने पोटात मी काय नुसती पाटी लावून ठेवली होती, जागा भाड्याने देणे आहे म्हणून? तेवढ्यात पोरीने असा काही टाहो फोडला की आंब्यावरचे पक्षी उडाले. सगळे माझ्याकडे वळले. “आवाज तुझ्याकडचा.”

हं! मिळाला वाटा.

मग काय, आंब्याखाली खुर्च्या आल्या. ओर्वाकाका मधे. हे माझे चुलत सासरे, सासरे गेल्यापासून घरातले सगळ्यात मोठे, डोक्यावर उन्हातान्हात लोकरी हॅट, हातात काठी, आणि बोलायच्या आधी एवढा खाकरा की वाटावं आता रेडिओ लागणार. शेजारी त्यांची बहीण अबुटोआत्या, आवाज म्हणजे शिट्टी. मी पोरीचा ओठ खाली ओढून दाखवला. “आत्या, हे बघा, हिरडी सुजलीय. बोट घालून बघा. दात आहे!” आत्या म्हणाल्या, “अगं, दात काय सगळ्यांनाच येतात. माकडालाही येतात. नाव येतं का माकडाला?”

ह्यावरचं उत्तर विद्यापीठात शिकवत नाहीत!

मी ओकेयोकडे बघितलं. करडू कोंबडीचं पीस निरखत होतं.

काका खाकरले. “अगुटू!” आणि मग माझ्याकडे वळून, “माझी आत्या. एका हाताने होडी किनाऱ्याला ओढायची.” पोरीने टिपेचा सूर लावला. आत्या म्हणाल्या, “नको म्हणते. मी सांगते... अबुरा! फार सोशीक बाई. जन्मात कुणाशी भांडली नाही.” काका म्हणाले, “भांडेल कशी? तिला ऐकूच यायचं नाही.” “म्हणजे? सोशीकपणाला कान लागतात का?” इकडे पोरगी लालबुंद, आणि ह्यांचं आपलं मतदान! एकेकाची वशिलेबाजी बघायला हवी होती तुम्ही. अमुक बाईच्या हातची नाचणीची पेज, तमुक बाईने पाणघोड्याला वल्ह्याने हाणलं... जिवंतपणी ज्यांना कुणी सुखाने दोन घास दिले नसतील त्यांचा आता काय तो प्रचार! मधेच कुंपणापलीकडचा शेजारी ओरडला, “आमच्या आजीचंही बघा की घेऊन! अडेरा!” काका उसळले, “तुझी आजी आमच्या घरात कशाला येईल?” तो म्हणाला, “सारखी तिथेच असायची ना! विचारून बघायला काय जातं?”

आणि मी आपली मधे मधे, “दात आहे... अहो, दात आहे...” रेल्वेच्या फाटकात उभ्या असलेल्या शेळीसारखी. कोण ऐकतंय!

नावं संपत आली. पोरगी संपेना. घसा बसला तिचा, तरी चालूच. आणि मग आत्या एकदम हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाल्या, “अपोंडी राहिली.”

सगळ्यांच्या माना चुलीकडे वळल्या. आणि चुलीपाशी काहीतरी खाडकन पडलं.

सासूबाई. हातातला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटायचा दांडा टाकून त्या उभ्या राहिल्या होत्या. ही माझी सासू, तुम्हाला सांगते, जी फोनवरून माझ्या स्वयंपाकघरात किती मीठ आहे ते ओळखते, जी गावी मुलाच्या झोपडीत पाय ठेवायचा नाही ही रीत पाळते पण खिडकीबाहेर उभी राहून “ते पातेलं तिथे नको” म्हणून सांगते... तिने दोन्ही कानांवर हात ठेवले! “ते नाव घ्यायचं नाही,” म्हणाल्या. “कुणीही नाही. माझ्या अंगणात नाही.”

कारण अपोंडी म्हणजे सासूबाईंची सासू. काकांची आई. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिच्या कथा ऐकल्यात. दारात स्टूल टाकून बसायची. सुनेने केलेली उगाली अंगठ्याने दाबून बघायची आणि न बोलता परत पाठवायची. पाण्याचा हंडा आणला की म्हणायची, पाणी वाकडं भरलंय, परत जा. पाणी वाकडं! आणि मरताना, सगळे भोवती जमलेले, सासूबाईंनी तोंडात पेज घातली, तर म्हातारीचा शेवटचा शब्द काय? “अळणी.” डोळे मिटले. संपलं. त्यानंतर सासूबाईंना कुणी सून म्हणून काही बोललं नाही, सासू म्हणून सगळं त्याच बोलल्या. आणि आता ती बाई त्यांच्या नातीत येणार? त्यांच्या मांडीवर?

आणि मग, कान देऊन ऐका, सासूबाई म्हणाल्या, “आधी हिच्या आईचं नाव घ्या.”

माझ्या! आईचं! काका म्हणाले, “आईकडचं नाव दुसऱ्या खेपेला. ती रीत आहे.” झालं! माझं डोकंच फिरलं. “दुसऱ्या खेपेला? दुसरी खेप कोण काढणार आहे, काका, तुम्ही? पहिली काढताना मी बारा तास ओरडत होते, तेव्हा तुमचं एकही मेलेलं माणूस आलं नाही मदतीला!” बायका तोंडावर हात ठेवून बघायला लागल्या. ओकेयोने पीस सोडून आता ढगांकडे बघायला घेतलं. आणि मी, जिला ह्यातलं काहीएक पटत नाही, जी मी सकाळपासून दात दात म्हणून बोंबलतेय, ती मी पोरीपुढे वाकले आणि मोठ्याने म्हटलं, “अविनो!”

पोरीने श्वास घेतला. आणि दुप्पट जोराने रडली.

दात होता. मला ठाऊक होतं दात होता. दाताला काय कळतं कुणाची आई? पण तुम्हाला सांगते... इतकं लागलं मला. वाटलं, हिनेही नाही म्हणावं? कुणीतरी मागे हसलं. आणि सासूबाई त्याच्यावर अशा कडाडल्या की त्याच्या हातातला चहा सांडला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू गं? पाहुणीला कुणी असं हाक मारून बोलावतं? मासळीबाजार आहे का हा?” आत गेल्या. स्वतःचं स्टूल आणलं, कमरेच्या कापडाने पुसलं, सावलीत ठेवलं. भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून शेजारी ठेवलं. आणि त्या रिकाम्या स्टुलाला म्हणाल्या, “या, विहीणबाई. लांबून आलात. अविनो, उयोमाच्या किनाऱ्याची अविनो... बसा. पाणी घ्या.”

त्यांनी माझ्या आईला कधी पाहिलेलं नव्हतं हो. नाव मी कधीतरी एकदाच सांगितलं असेल. लग्नात. घाईत.

पोरगी थांबली. सगळं अंगण थांबलं. आणि... उचकी! उचकी होती ती. उचकी संपली, भोंगा पुन्हा सुरू. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तिला नाही यायचं गं. दमलीय ती. आयुष्यभर उभी होती ना भट्टीपाशी? बसू दे तिला.”

मी रडले नाही. रडायला घरात एक पुरे होती.

सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि बघा हं, आता काय झालं ते नीट बघा, कारण हे फक्त आम्हा दोघींना माहीत आहे, आणि आता तुम्हाला. त्यांनी बोट पोरीच्या तोंडात घातलं. खालच्या हिरडीवर, अगदी मी सांगत होते त्याच जागी, आणि चोळायला लागल्या. आणि त्याच क्षणी काका, खाकरले नाहीत, काठी आपटली नाही, नुसते पुटपुटले, “अपोंडी.”

पोरगी गप्प.

अशी गप्प की चुलीत लाकूड फुटलेलं ऐकू आलं. आणि सासूबाईंचे डोळे एवढे मोठे! बोट बाहेर काढलं तर त्याच्यावर लाल टिपका. दात! हिरडी फोडून बाहेर आला होता पठ्ठ्या, आणि पहिला चावा सासूबाईंना! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्यांना कळलं होतं. आई, बोला ना! मनात मी ओरडत होते. एक शब्द! दात म्हणा! तुम्ही सुटाल अपोंडीपासून, आणि नाव मोकळं राहील, मी भांडेन, मी अविनो मिळवेन! बोला!

तेवढ्यात काकांची काठी खाली पडली. तो एवढा मोठा माणूस, गुडघे धरत धरत, मातीत बसला. डोक्यावरची हॅट काढली. आत पांढरे, विरळ केस, लहान मुलासारखे चपटे बसलेले. त्यांनी पोरीच्या पायाला हात लावला. “आई,” म्हणाले, “आलीस? मी मोंबासाहून निघालो होतो गं. लगेच निघालो होतो. वाटेत पूर, पूल गेला, गाडी अडकली... पोचलो तोवर तुला माती दिली होती ह्यांनी. मी थांबा म्हणून निरोप पाठवला होता, आई. पोचला नसेल.”

आणि पोरीने, दात आल्यामुळे मोकळी झालेल्या माझ्या पोरीने, सकाळपासून पहिल्यांदा, काकांचं नाक मुठीत धरलं आणि खळखळून हसली.

आता तुम्ही सांगा. तुम्ही काय म्हणाला असता? “काका, उठा, दात आहे तो”?

सासूबाईंनी बोट हळूच लेसोच्या घडीत लपवलं. लेसो म्हणजे आमच्याकडचं कमरेला गुंडाळायचं कापड. लांब श्वास घेतला, असा, विहिरीच्या तळातून काढल्यासारखा, आणि म्हणाल्या, “त्याच आहेत. मला चावल्या.”

आणि जिभा हलवून बायकांनी जो काय लुलुलुलु सुरू केला! आत्यांची शिट्टी सगळ्यांच्या वर! कोंबडा कापला, ढोल आला, शेजारी म्हणतोय “आमची अडेराही आनंदली असेल!” आणि मी? मी तोंड उघडलं होतं. जीभ दातांना लावली होती. द म्हणायला जिथे लावतात ना, तिथे. मग काकांच्या त्या चपट्या केसांकडे पाहिलं, आणि माझी अख्खी पदवी, जबडा, सुळे, दाढा, सगळं गिळून टाकलं. ओकेयो जवळ येऊन कानात म्हणाला, “दात असेल का गं?” मी म्हटलं, “तू ढगांकडे बघ.”

संध्याकाळी मी स्टूल उचलायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. माणूस बसलंय.” मग भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, “दुसरी झाली की बघू.” मी म्हटलं, “आई!” त्या म्हणाल्या, “बरं बाई, नाही तर नाही. पण ती बसली आहे तोवर तिला पाणी मी देईन.” आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? सात महिने मी तयारी केली होती भांडायची. सगळे मुद्दे पाठ होते!

तर अशी माझ्या घरात अपोंडी आली. काका किसुमूला मासे पाठवतात, “आईला काटे काढून द्या.” ओकेयो पोरीला ओरडू शकत नाही, आजीला कसं ओरडायचं? तिने त्याचा फोन पाण्यात टाकला तर हा म्हणाला, “हो ना, आजी.” आणि सासूबाई! पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला आल्या, तिच्यासमोर चटईवर फतकल मारून बसल्या आणि एवढ्या वर्षांचं सगळं काढलं. “त्या दुष्काळाच्या साली, सासूबाई, पाणी वाकडं कसं असतं ते मला आज सांगा. सांगा ना! आणि माझं नवं मडकं कुणी फोडलं? शेळीने? शेळीने, सासूबाई?” पोरगी टाळ्या पिटतेय, “दा दा दा” म्हणतेय. सासूबाई डोळे पुसत पुसत हसतायत, “बघा, आता कशा माफी मागतायत!” तासभर भांडल्या. उठल्या तेव्हा, देवाशपथ सांगते, दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. ते बघून मीसुद्धा ठरवून टाकलं. दात होता, असेना का.

पण एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. त्या वाढदिवशी सगळे गोल करून बसलेले, काका, आत्या, सासूबाई, आणि पोरीने चटई ओली केली. नुसती ओली नाही... असो, तुम्ही जेवून आला असाल. मी म्हटलं, “आई, जरा बघता का, माझा हात पिठात आहे.” सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. “मी? अगं, सासू आहे ती माझी. मी त्यांचं अंग कसं बघू? मर्यादा असते.” काकांनी हॅट डोळ्यांवर ओढली, “माझी आई आहे.” आत्या म्हणाल्या, “माझीही.” ओकेयो म्हणाला, “आजी आहे गं, मला लाज वाटते.”

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हात धुतले. तुम्हाला सांगते, शिका, पदव्या घ्या, शहरात नोकऱ्या करा, साऱ्या घराण्याशी दोन हात करा... शेवटी सासूच्या सासूची लंगोटी बदलायला सूनच लागते!